तीन सपाट चमचे तुरटी

बरणीवर जे लिहिले आहे तेच बरणीत असावे, ही अपेक्षा मला आजही अवाजवी वाटत नाही. ज्या कारखान्यात मी रंगांची तपासणी करतो, तिथे एखाद्या बाटलीवर चुकीचे लेबल आढळले तर चौकशी बसते, जबाब घेतले जातात आणि निदान एका माणसाची दुसऱ्या विभागात बदली होते. आमच्या स्वयंपाकघराला हाच नियम लावला असता तर माझे संपूर्ण कुटुंब केव्हाच दुसऱ्या विभागात गेले असते.

फळीवर सतरा बरण्या होत्या. 'कॉफी' या बरणीत मीठ होते. 'मध' या बरणीत टाचण्या होत्या. 'साखर' या बरणीत शर्टांची सुटी बटणे होती आणि साखर 'बिस्किटे' या डब्यात होती, ज्याचे झाकण तिसऱ्याच डब्याचे होते. या व्यवस्थेची कर्ती माझी पत्नी. ती एका मोठ्या ग्रंथालयात सूचीकार आहे. ऐंशी हजार पुस्तकांना तिने स्वतःच्या हाताने क्रमांक दिले आहेत आणि त्यांतले एक पुस्तक जरी दोन इंच सरकले तरी तिला म्हणे करमत नाही.

"अगं, मग घरी काय होतं तुला?" असे मी एकदा विचारले.

"अहो, दिवसभर तेच करून येते मी. घरी मला वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं, तेवढं पुरतं. काय हवंय तुम्हाला, मीठ? खिडकीखाली, डावीकडून चौथी."

"पण तिच्यावर कॉफी लिहिलंय."

"मग वाचू नका ना!"

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्याकडून तरी लिखित शब्दाला पाठिंबा मिळेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "जावईबापू, चाळीस वर्षं पत्ते वाचले मी. वर लिहिलेलं खरं मानायचं नसतं."

एका शनिवारी पत्नी ग्रंथालयातील पुस्तकमोजणीसाठी आणि सासरे केस कापण्यासाठी बाहेर पडले. मी हा प्रश्न एकदाचा निकालात काढायचे ठरवले. जुनी लेबले काढायची, बरण्या स्वच्छ करायच्या आणि नव्या, छापील, अचूक लेबलांसह त्या पुन्हा फळीवर मांडायच्या. तीन तासांचे काम. मी बरण्या फळीवरून उतरवल्या आणि ओट्यावर अकारविल्हे मांडल्या. ती रांग पाहून मला जे समाधान झाले त्याचे वर्णन मी करणार नाही. पुढे त्याची पुरेशी शिक्षा झाली आहे.

जुनी लेबले नखाने निघत नव्हती. बाजारात त्यासाठी एक द्रव मिळतो, पण त्याच्या वासाने सासऱ्यांना शिंका येतात. शिवाय रसायनशास्त्राचा पदवीधर असलेल्या माणसाने साफसफाईचे मिश्रण विकत आणावे, हे लोहाराने सांडशी उसनी मागण्यासारखे आहे. मी मिश्रण घरीच करायचे ठरवले. तेलकटपणासाठी धुण्याचा सोडा, घासण्यासाठी खडूची पूड, कागद आकसावा म्हणून तुरटी, आणि शेवटी थोडे व्हिनेगर. सोड्यात व्हिनेगर घातले की दोघेही एकमेकांना निकामी करतात, हे मला ठाऊक आहे. पण फेस येतो, आणि फेस आला की बघणाऱ्याचा विश्वास बसतो. बघणारा मी एकटाच होतो.

यांतले पहिले तीन पदार्थ मी 'सोडा', 'खडू' आणि 'तुरटी' असे लिहिलेल्या बरण्यांतून घेतले.

ज्या लेबलांच्या खोटेपणाविरुद्ध आपण मोहीम काढली त्याच लेबलांवर विसंबून मी पदार्थ कसे घेतले, हा प्रश्न मला नंतर पाच जणांनी विचारला. त्यांतल्या एकाने दोनदा विचारला. माझ्यापाशी एकच उत्तर आहे: सव्वीस वर्षांची सवय. हात बरणीकडे जातो आणि डोळा लेबलाकडे. त्यातून पांढऱ्या पुडीचा स्वभाव असा की आपल्याला जी हवी आहे तीच ती आहे, असे वाटत राहते.

मी शिस्तीने काम केले, हे मात्र कोणी नाकारू शकणार नाही. वहीत तारीख घातली. 'धुण्याचा सोडा ४ चमचे, खडू ६ चमचे, तुरटी ३ चमचे (सपाट).' तुरटीची बरणी तेवढ्याने संपली, म्हणून ती लगेच तीन पाण्यांनी धुऊन पालथी घातली. मिश्रणाला दुधासारखा पुसट वास येत होता. तो मी पातेल्याच्या माथी मारला. मग ब्रशने सतरा लेबलांवर जाड थर दिला, उरलेल्या मिश्रणावर ओला फडका टाकला आणि वीस मिनिटे वर्तमानपत्र वाचले.

विसाव्या मिनिटाला मी पहिली बरणी उचलायला गेलो. ती उठली नाही. दुसरी उठली नाही. लेबलांवरून ओघळलेले मिश्रण प्रत्येक बरणीच्या बुडाखाली शिरले होते, आणि रांगेतली एकही बरणी ओटा सोडायला तयार नव्हती. ब्रश सिंकच्या कडेला उभा होता आणि तो आडवा होत नव्हता. लेबले जागच्या जागी होती. इतकेच नव्हे तर त्यांच्यावर काचेसारखी तकाकी आली होती आणि 'कॉफी' हा शब्द पूर्वी कधी दिसला नव्हता इतका ठळक दिसत होता.

पत्नी आली. तिने पर्स खुंटीला लावली, ओट्याकडे पाहिले, एक बरणी हलवून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले.

"चला," ती म्हणाली, "आता निदान तुम्ही जागा तरी बदलणार नाही."

सासरे केस कापून परतले. त्यांनी चष्मा लावून बरण्यांचे निरीक्षण केले आणि एकच प्रश्न विचारला, "कधीपर्यंत?" त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

अपमान पचवण्याची माझी रीत म्हणजे प्रयोग. भांड्यातल्या उरलेल्या लगद्याने मी एका कपाचा तुटलेला कान जोडला, पाच मिनिटे थांबलो आणि त्या कानाला पाण्याने भरलेली बादली टांगली. कान टिकला. बादलीची कडी निसटली. माझ्या पायावरून पाणी वाहत असताना मी त्या कपाकडे पाहत राहिलो. सव्वीस वर्षे मी दुसऱ्यांनी बनवलेले रंग तपासतो आहे. माझ्या टेबलावर दोन शिक्के आहेत, 'योग्य' आणि 'अयोग्य', आणि माझे सारे शास्त्रीय योगदान त्या दोन शिक्क्यांत मावते. आता माझ्यासमोर एक वस्तू होती, जी मी बनवली होती. ती काय आहे हे मला ठाऊक नव्हते, पण ती 'योग्य' होती. आयुष्यात एकदा तरी आपल्या नावावर एक शोध असावा, ही इच्छा मला आहे हेही मला त्याच क्षणी, ओल्या मोज्यांसह, कळले.

शास्त्रात एकदा घडलेल्या गोष्टीला योगायोग म्हणतात आणि दुसऱ्यांदा घडवून आणलेल्या गोष्टीला शोध. तेव्हा ती दुसऱ्यांदा घडवणे आवश्यक होते. सोड्याच्या बरणीत खरोखरच सोडा निघाला. त्या फळीवरचे ते एकमेव खरे लेबल होते आणि पत्नीच्या मते तोही निव्वळ अपघात. 'खडू'मध्ये दुधाची पावडर निघाली. दुधापासून खळ होते हे जुनेच ज्ञान आहे. पण अशी खळ पाण्याने सुटते, आणि माझी सुटत नव्हती. म्हणजे खरी करामत त्या तिसऱ्या पदार्थाची, ज्याची बरणी मी आदर्श प्रयोगशाळेला शोभेल अशी धुऊन ठेवली होती.

"तुरटीच्या बरणीत काय होतं गं?"

"कुठली तुरटीची बरणी?"

"जिच्यावर तुरटी लिहिलं होतं ती."

"अहो, लेबलाशी माझा काय संबंध? जागा सांगा. कुठे होती?"

इथे माझी गाडी अडली. बरणी अकारविल्हे रांगेत कुठे होती ते मी डोळे मिटून सांगू शकत होतो. फळीवर कुठे होती ते मी कधी पाहिलेच नव्हते.

"खिडकीजवळची असेल तर कॉलरची खळ," पत्नी बोटांवर मोजत म्हणाली. "कोपऱ्यातली असेल तर भिंतीचं भोक बुजवलं होतं ना, त्यातलं उरलेलं प्लास्टर. वरच्या ओळीतली असेल तर अंड्याच्या टरफलांची पूड, झाडांसाठी. दुसऱ्या ओळीतली, तर बाबांची दातांची पावडर."

"लाल झाकणाच्या बरणीत मीही काहीतरी ओतलं होतं," सासरे म्हणाले.

"काय ओतलं होतं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "पांढरं," ते म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांत मी या सर्व पदार्थांचे, एकेकट्याने आणि जोडीजोडीने, तेवीस प्रयोग केले. सातव्यातून साबण निघाला. अकराव्याने सिंकची तुंबलेली नळी मोकळी केली. चौदाव्यावर मुंग्या अशा काही लोटल्या की त्याचा वेगळा शोध म्हणून विचार करावा असे मला क्षणभर वाटले. एकविसावा चिकटत होता, परंतु फक्त स्वतःलाच. माझ्या वहीतली मूळ नोंद चमच्याच्या सपाटीपर्यंत अचूक होती. जे पदार्थ तिच्यात लिहिले होते ते मिश्रणात नव्हते, एवढाच काय तो दोष.

दरम्यान त्या पहिल्या, अस्सल लगद्याची कीर्ती जिन्यावरून वरखाली गेली. ओल्या फडक्याखाली तो मऊ राहत होता. दीड वाटी होता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्या चष्म्याची काडी घेऊन आल्या.

"तुमच्याकडे डिंक आहे असं कळलं."

"बाई, तो डिंक नाही. तो एक नवा संयुक्त पदार्थ आहे, ज्याची घडण अद्याप निश्चित व्हायची आहे."

"बरं. मग त्या पदार्थाने काडी चिकटेल का?"

काडी चिकटली. दुसऱ्या दिवशी त्या घड्याळ घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी पृथ्वीचा गोल. त्याचा दक्षिण ध्रुव शाळेपासूनच सैल होता म्हणे. आठवड्याभरात सगळी इमारत मला 'डिंकवाले' म्हणू लागली. माझ्या पदव्या दारावरच्या पाटीवर आहेत. पण वर लिहिलेले वाचायचे नाही, ही आमच्या घरातली साथ बहुधा इमारतीतही पसरली असावी.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य एकदा लगदा काडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात पाहत बसले.

"तोंडात चालेल का हो?"

"मुळीच नाही. परिणाम अज्ञात आहेत."

"पण बसला तर पुन्हा निघणार नाही?"

"माझ्या अनुभवानुसार, नाही."

"म्हणजे पेशंट परत येणार नाही." त्यांनी काडी खाली ठेवली. "नकोच मग. पण एक सांगू का? नोंदणी करून टाका. कोणीतरी तुमच्या आधी नेईल आणि तुम्ही बसाल ओट्यावरच्या बरण्या मोजत."

हा सल्ला त्यांनी जिन्यात, दारात आणि गच्चीवर मिळून चार वेळा दिला. पाचव्या वेळी मी शोधनोंदणीच्या कार्यालयात गेलो.

ती इमारत मोठी होती आणि तिच्यातली कोणतीही खोली पाटीवरच्या बाणाच्या दिशेला नव्हती. अर्ज तीन प्रतींत भरायचा होता. 'छायाचित्र घट्ट चिकटवावे, टाचणी लावू नये' अशी सूचना होती. ही सूचना जणू माझ्यासाठीच छापली असावी असे वाटून मी तिन्ही छायाचित्रे माझ्याच लगद्याने लावली होती. खिडकीतल्या लेखनिकाने पहिली प्रत पाहिली.

"फोटो डावीकडे लावलाय. उजव्या चौकटीत पाहिजे. काढा आणि तिकडे लावा."

"तो निघणार नाही."

"पाणी लावा."

"पाण्यानेही निघणार नाही. हाच तर माझा शोध आहे."

"शोध परिशिष्ट 'ब' मध्ये लिहायचा असतो," लेखनिक शांतपणे म्हणाला. "इथे फक्त फोटो."

मी त्याला खणखणीत आव्हान दिले. त्याने नखाने प्रयत्न केला, मग पट्टीने, मग शेजारच्या टेबलावरची कात्री घेतली. अर्ज फाटला; छायाचित्र मात्र अर्जाच्या फाटक्या तुकड्याला धरून राहिले. खिडकीमागचे तीन कर्मचारी हातातले काम टाकून पाहायला आले. माझी छाती फुगली. लेखनिकाने तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "फाटका अर्ज चालत नाही. नवीन घ्या."

चौथ्या फेरीत अर्ज स्वीकारला गेला. काही दिवसांनी पत्र आले: अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता तपासणी अधिकारी अर्जदाराच्या घरी येतील, अर्जदाराने त्यांच्यासमोर कृती करून दाखवावी, किंवा ते शक्य नसल्यास पदार्थाचा दोन चहाचे चमचे नमुना सीलबंद करून द्यावा. त्या नमुन्याचे पृथक्करण सरकारी प्रयोगशाळेत होणार होते. माझा जीव भांड्यात पडला. कृती मला येत नव्हती, पण पृथक्करणातून तो तिसरा पदार्थ कोणता ते मला आपसूक कळणार होते.

लगदा मी मोजून पाहिला. मुख्याध्यापिकाबाईंच्या पृथ्वीने बराच खाल्ला होता. सव्वादोन चमचे उरला होता.

त्या दिवसापासून डिंकवाल्यांचे दुकान बंद झाले. दोन चमचे मी एका डबीत भरले आणि डबी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. भांड्याच्या कडांना चिकटलेले शेवटचे खरवडून दुसऱ्या डबीत घातले आणि ती खालच्या कप्प्यात ठेवली. मग मी कुटुंबाची सभा घेतली.

"वरची सरकारी, खालची घरची," मी म्हणालो. "वरचीला कोणीही हात लावायचा नाही."

"वरची सरकारी, खालची घरची," पत्नीने घोकले. जागेवरून सांगितलेली गोष्ट ती विसरत नाही, हे मी मान्य करतो. खालच्या डबीतल्या मालाने सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या टेबलाचा डुगडुगणारा खण नीट बसवला. तो आता डुगडुगत नाही. उघडतही नाही. आत त्यांचा दुसरा चष्मा आहे. रिकामी डबी त्यांनी टाकून दिली. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, कारण, ते म्हणाले, कोणी विचारली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी नमुन्याचे तापमान घेतले. आदल्या आठवड्यातल्या नोंदी वहीत होत्याच. वरच्या कप्प्यात तापमान दोन अंशांनी वरखाली होत होते. खालच्या कप्प्यात ते स्थिर होते. नमुना शेवटच्या तासाभरात बिघडू नये म्हणून मी डबी खालच्या कप्प्यात हलवली. तिच्यावर ठळक अक्षरांत लेबल लावले, 'नमुना. हात लावू नये', आणि दाढी करायला गेलो.

हे वाक्य मी अनेकदा मनात लिहून पाहिले आहे. त्यात चूक नेमकी कुठे आहे हे मला प्रत्येक वेळी दिसते.

अधिकारी साडेदहालाच आले. उंच, काटक, अतिशय अदबशीर गृहस्थ. आमच्या तिसऱ्या पायरीवर त्यांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि ते जीभ बाहेर काढलेल्या दमल्या प्राण्यासारखा तो बूट ओढत दारात येऊन उभे राहिले. हे मला नंतर कळले. मी गालाला साबण लावून उभा होतो आणि बाहेरून फक्त बोलण्याचे आवाज येत होते.

"अहो साहेब, या ना, बसा. तळ सुटला का तुमचा?"

"काही नाही, वहिनी, चालायचंच. मीच लवकर आलो."

"काढा तो इकडे. दोन मिनिटांत होईल. आमच्याकडे त्यासाठीच तर…"

मला वाटले, ती खिळे आणि हातोडी आणते आहे. मी हनुवटीकडे वळलो.

पंधरा मिनिटांनी, इस्त्रीचा सदरा घालून मी बाहेर आलो. अधिकारी दोन्ही बूट घालून, पाय जुळवून बसले होते. पत्नी त्यांना चहा देत होती. टीपॉयवर उघडी, चाटूनपुसून रिकामी डबी होती. तिच्यावर माझ्या अक्षरात 'नमुना. हात लावू नये' असे लिहिले होते.

मी डबी उचलून आत पाहिले.

"अहो, असं काय बघताय?" पत्नी म्हणाली. "खालची घेतली मी. घरची. साहेबांचं पाऊल मोठं आहे, सगळी लागली."

"ती नमुन्याची होती."

"नमुन्याची वरची!"

"सकाळी मी ती खाली ठेवली. वरचं तापमान अस्थिर होतं. लेबल लावलं होतं मी, अगं! एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली, कधी लेबल वाचलंय मी?" ती हळूच म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. ती फ्रिजकडे धावली. वरचा कप्पा रिकामा होता. "बाबा, घरची डबी कुठे आहे?"

सासऱ्यांनी आपल्या टेबलाच्या खणाकडे बोट दाखवले.

अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. परिस्थिती त्यांच्या लक्षात यायला अर्धे मिनिट लागले. आली तेव्हा ते उभे राहिले. "म्हणजे नमुना," ते म्हणाले, "माझ्या पायात आहे."

"साहेब, तो काढता येईल," मी म्हणालो. "तळ उपटला की खालचा थर खरवडून घेऊ."

त्यांनी बूट काढून दिला. मी ओढला. सासऱ्यांनी टाच धरली. आवाज ऐकून दंतवैद्य खाली आले आणि त्यांनी जबड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाने हात घातला. सात मिनिटांच्या शर्थीनंतर चामडे शिवणीवर उसवले. तळ हलला नाही.

"शिवण गेली," दंतवैद्य धापा टाकत म्हणाले, "जोड नाही गेला. काय जोड आहे, वा!"

अधिकारी खाली वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले आणि लगेच विझले. त्यांनी पिशवीतून नियमांचे पुस्तक काढले.

"नियम असा आहे," ते दुःखी स्वरात म्हणाले, "की नमुना डबीत सीलबंद हवा. बूट डबीत बसत नाही. दुसरं म्हणजे, तो बूट माझा आहे. माझ्या मालमत्तेला मी पुरावा म्हणून जमा करू शकत नाही. आणि तिसरं…" त्यांनी पान उलटले. "अर्जदाराच्या घरून अधिकाऱ्याने कोणतीही सेवा स्वीकारायची नाही. मी ती स्वीकारलीय. हे मला स्वतःविरुद्ध कळवावं लागेल."

"चहा चालतो का?" पत्नीने विचारले.

"चहा चालतो. तळ चालत नाही."

"मग तुम्ही कळवूच नका ना!" सासरे म्हणाले. "आम्ही कुठे सांगतोय?"

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की चाळीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाने मान खाली घातली. मलाही, खरे सांगायचे तर, त्या क्षणी त्यांच्याविषयी आदरच वाटला. मी जर त्यांच्या जागी असतो तर मीही 'अयोग्य'चाच शिक्का उचलला असता.

"कृती करून दाखवू शकाल?" त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. त्यात आशा होती.

मी चोविसावा प्रयोग करून दाखवला. तो अतिशय सुरेख फेसाळला. त्याने टीपॉय स्वच्छ झाला.

महिन्याभराने पत्र आले. 'नमुना सीलबंद अवस्थेत प्राप्त झाला नाही. कृतीची पुनरावृत्ती होऊ शकली नाही. तपासणी अधिकाऱ्याने स्वतः सादर केलेल्या निवेदनामुळे त्यांचा अभिप्राय विचारात घेता येत नाही. अर्ज निकालात काढण्यात येत आहे.' पत्नीने ते दोनदा वाचले, जे तिच्या बाबतीत विशेष आहे, आणि मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं." मी म्हणालो, "नाही, तापमानामुळे." दोघांनीही हे एकमेकांना पटवण्याचा प्रयत्न केला आणि कोणालाच पटले नाही. त्यानंतर चार दिवस मी कारखान्यात जरा जोरात शिक्के मारत होतो असे माझे सहकारी सांगतात.

मग एका रविवारी बेल वाजली. दारात तेच अधिकारी होते. साधा सदरा, पायात चपला, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी.

"आज सुट्टी आहे," ते घाईघाईने म्हणाले. "म्हणजे, मी आज कोणीच नाही. आत येऊ का?"

ते बसले. त्यांनी गुंडाळी सोडली. आत बूट होता, डावा. त्याचा तळ पुढून सुटला होता.

"उजवा अजून तसाच आहे," ते म्हणाले. "चांभाराने शिवण घातली, पण तळाला म्हणाला, याला मी हात लावणार नाही, हे काम ज्याने केलं त्यालाच विचारा. दोन वेळा पाण्यात भिजला. काही होत नाही त्याला. आता हा गेला. बाजारातलं सगळं लावून बघितलं. नाही टिकत." त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "थोडंसंही उरलं नाही का हो?"

"नाही," मी म्हणालो. "साहेब, एक कणही नाही. आणि कसं करायचं ते मला माहीत नाही. छत्तीस प्रयोग झाले."

त्यांनी बुटाच्या सुटलेल्या तळावरून अंगठा फिरवला. माझी वस्तू शिल्लक नाही म्हणून एखाद्या माणसाला वाईट वाटते आहे, हे दृश्य मी सव्वीस वर्षांत प्रथमच पाहत होतो. त्यावर कोणता शिक्का मारावा हे मला कळेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले.

"पण तुम्ही करताय अजून?" त्यांनी विचारले.

"करतो आहे," मी म्हणालो. त्या दिवसापर्यंत ते मी कोणालाच कबूल केले नव्हते, स्वतःलाही नाही.

"मग असू दे हा इथेच. घाई नाही मला." त्यांनी बूट कागदात परत गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि चपला घालून जिना उतरू लागले. ज्या माणसाच्या कार्यालयाने माझा अर्ज तीन प्रतींत घेतला आणि ज्याने स्वतःच्या बुटाविरुद्ध स्वतःच निवेदन दिले, तो आपला चांगला चामड्याचा बूट माझ्या हातात ठेवून निघाला होता.

मी कठड्यावरून वाकून पाहत राहिलो. ते खालच्या वळणाशी पोचले, रस्त्यावर आले आणि वळून न बघता निघून गेले. त्यांनी पावती मागितली नाही.